कासव उताणे पडते तेव्हा...

मराठी माणसाला कासव नवे नाही. देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीत कोरलेल्या कासवाला हात लावूनच तो गाभाऱ्याकडे वळतो. समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर तोलून धरणारा कूर्म, नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी संतवाङ्मयातील कासवी आणि शर्यतीत सशाला मागे टाकणारे शाळेच्या पुस्तकातील कासव अशा निरनिराळ्या रूपांत ते आपल्याला लहानपणापासून भेटत आले आहे. या प्रत्येक रूपात कासवाची पाठ ही भक्कमपणाची खूण असते. पाठीवर पर्वत पेलणाऱ्या या प्राण्याला स्वतःच्या पाठीवर पडणे मात्र सोसत नाही. उताणे पडलेले कासव वेळीच सरळ झाले नाही, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

युरोप-अमेरिकेत कासव पाळण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकातील इंग्रज निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांच्या बागेतील 'टिमथी' नावाचे कासव आजही तेथील वाचकांच्या परिचयाचे आहे. नाव पुरुषी असले, तरी ती मादी होती हे तिच्या मृत्यूनंतर कळले. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातून ब्रिटनमध्ये कासवे मोठ्या प्रमाणावर आयात झाली. १९८४ मध्ये युरोपीय नियमांनी या जातींच्या व्यापारी आयातीला आळा घातला. त्यानंतर तेथे पाळली जाणारी कासवे बहुतांशी पैदास केंद्रांत जन्मलेली असतात. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही शाळासोबत्यांचे पाहून कासवासाठी हट्ट धरतात. भारतातील कायदा वेगळा आहे आणि त्याचा तपशील या लेखात पुढे दिला आहे. कासव मात्र कोणत्याही देशातले असो, उताणे पडल्यावर त्याची अवस्था सारखीच होते.

शब्द एक, प्राणी तीन

मराठीत 'कासव' या एकाच शब्दात तीन वेगळ्या जीवनपद्धतीचे प्राणी सामावले आहेत. पहिली जमिनीवरची कासवे. त्यांचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा असून पाठ घुमटासारखी असते. दुसरी तळी, नद्या व विहिरींतील गोड्या पाण्याची कासवे. यांची पाठ चपटी व मान लांब असते आणि बोटांमध्ये पडदे असतात. तिसरी सागरी कासवे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ही त्यांपैकी एक जात.

उलटण्याच्या बाबतीत तिघांची गत निरनिराळी आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक कासवे लांब मान जमिनीवर टेकवून तिच्या जोरावर चटकन सरळ होतात. वाळूवर उलटे केलेले मोठे सागरी कासव मात्र जवळजवळ असहाय होते, कारण त्याचे वल्ह्यासारखे पाय पोहण्यासाठी घडलेले असतात. पूर्वीचे खलाशी किनाऱ्यावर आलेली सागरी कासवे उलटी करून ठेवत आणि ती पळून जाण्याची चिंता न बाळगता पुढच्या कासवाकडे वळत. घरात वा अंगणात पाळले जाते ते प्रामुख्याने जमिनीवरचे कासव. ते या दोन टोकांच्या मध्ये येते. बहुतेकदा ते स्वतःच सरळ होते, परंतु काही वेळा त्याला ते जमत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या 'काही वेळां'चा.

पाठीवर पडल्यावर शरीरात काय घडते?

कासवाचे कवच म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत नव्हे, तो त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. बरगड्या व कणा हाडांच्या पाठकवचाशी एकजीव झालेले असतात आणि त्यावर केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्या जातीच्या पदार्थाच्या पट्ट्या असतात. बरगड्याच जखडलेल्या असल्याने माणसाप्रमाणे छाती फुगवून श्वास घेणे कासवाला शक्य नसते. सस्तन प्राण्यांमध्ये असते तसे स्नायूंचे श्वासपटलही त्याला नाही. पोटातील स्नायूंच्या आणि पायांच्या हालचालींनी कवचाच्या आतील पोकळी कमी-अधिक करून ते श्वासोच्छ्वास करते.

त्याची फुफ्फुसे असतात पाठकवचाच्या लगेच खाली, म्हणजे शरीराच्या वरच्या भागात. जठर, आतडी, यकृत हे जड अवयव त्यांच्या खाली असतात. कासव सरळ उभे असताना ही मांडणी सोयीची ठरते. ते उताणे होताच सारे उलटे होते आणि या अवयवांचा भार फुफ्फुसांवर येतो. आतडी भरलेली असतील, मादीच्या पोटात अंडी असतील किंवा कासव अंगाने जड असेल, तर हा भार आणखी वाढतो. त्यातच सरळ होण्यासाठी ते पाय झाडत राहते, दमते आणि नेमकी जेव्हा अधिक प्राणवायूची गरज असते तेव्हा श्वास अपुरा पडतो.

दुसरा धोका उष्णतेचा असून प्रत्यक्षात तोच अधिक वेगाने जीव घेतो. कासव हा शीतरक्ताचा प्राणी आहे. शरीराचे तापमान ते आतून राखू शकत नाही. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाऊन ते त्याचा मेळ साधते. उताण्या कासवाचा हा एकमेव उपायच हिरावला जातो. दुपारच्या उन्हात किंवा तापदिव्याच्या खाली अडकलेले कासव अक्षरशः भाजून निघते. घाबरल्यामुळे अनेकदा ते मूत्राशयातील पाणीही टाकून देते. कोरड्या प्रदेशातील कासवांसाठी मूत्राशय ही पाण्याची टाकीच असते. ती रिती झाली, की शरीर कोरडे पडण्याचा धोका वाढतो.

तिसरा धोका पाण्याचा आणि चौथा शत्रूंचा. उथळ भांड्यात उलटलेल्या कासवाचे डोके पाण्याखाली राहिले तर ते बुडून मरते. अंगणात पडलेल्या कासवाचे मऊ पाय व मान कावळे, उंदीर, कोल्हे, कुत्रे यांच्यासाठी उघडी पडतात.

उताणे कासव किती वेळ तग धरू शकते, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर घड्याळावर नाही, तापमापकावर आहे. थंड सावलीत पडलेले निरोगी कासव बराच काळ टिकाव धरते. कडक उन्हात पडलेले लहान पिल्लू मात्र मालक बाजारहाट करून परतेपर्यंतही टिकेल याची खात्री नसते. शिवाय कासव ओरडत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही काही कळत नाही. म्हणूनच या संकटात उपचारापेक्षा आधीची तजवीज अधिक मोलाची ठरते.

घुमटाचे गणित

निसर्गाने कासवाला या संकटात अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. हंगेरीतील गणितज्ञ गाबोर डोमोकोश आणि त्यांचे सहकारी पेतेर वारकोन्यी यांनी २००६ मध्ये 'गोम्बोट्स' नावाची एक विलक्षण वस्तू घडवली. ती कशीही ठेवली तरी डोलत डोलत अखेर एकाच स्थितीत येऊन उभी राहते. आपल्याकडच्या डोलणाऱ्या बाहुलीच्या तळाशी वजन भरलेले असते. गोम्बोट्समध्ये तसे काही नाही. तिचे वस्तुमान सर्वत्र सारखे आहे आणि तिची सारी किमया आकारात आहे. अशी वस्तू असू शकते, हा अंदाज रशियन गणितज्ञ व्लादिमिर अर्नोल्ड यांनी १९९५ मध्ये वर्तवला होता.

हा आकार कासवाच्या कवचाशी मिळताजुळता असल्याचे पाहून या दोघांनी प्रत्यक्ष कासवांची मोजमापे घेतली आणि २००८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून दिसले ते असे. चपट्या कासवांना पोटावर व पाठीवर अशा दोन्ही स्थितींत समतोल मिळतो. त्यामुळे त्यांना मानेच्या जोरावर स्वतःला उलथवावे लागते. उंच घुमटाच्या कासवांना पाठीवर स्थिर राहताच येत नाही. ती कुशीकडे कलंडतात आणि पायांच्या थोड्याशा झटक्याने सरळ होतात. अशा घुमटाकार कवचाचा उत्तम नमुना म्हणजे भारतीय स्टार कासव.

गालापागोस बेटांवरील राक्षसी कासवांबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही उद्बोधक आहे. तेथील काही कासवांचे कवच घुमटासारखे, तर काहींचे खोगिरासारखे असते. खोगीरकवचाच्या कासवांना सरळ होण्यासाठी अधिक शक्ती खर्च करावी लागते, असे त्यात आढळले. या कासवांची मान लांब असते आणि ती दूरवर फिरवता यावी म्हणून कवचाचा पुढचा भाग अधिक उघडा असतो. खडकाळ बेटावर सरळ होण्याचे ते साधन असावे, असे अभ्यासकांनी सुचवले.

पाळणाऱ्याने यातून एक व्यवहारी धडा घ्यावा. सर्व जातींना एकच मोजमाप लावून चालत नाही. मध्य आशियातील हॉर्सफिल्ड कासव पाठीने काहीसे चपटे आणि त्यातच चढाईचे शौकीन असते. दक्षिण युरोपातील हर्मान कासव अधिक घुमटाकार असते. आफ्रिकेतील साहेल प्रदेशाचे सुलकाटा पिल्लू असताना तळहातावर मावते आणि वाढल्यावर ४५ किलोंहून अधिक वजनाचे होऊ शकते. असे धूड उलटल्यास ते सरळ करायला एक माणूसही कधी कधी अपुरा पडतो.

कासवे उलटतात कुठे?

कासव सपाट जमिनीवर चालता चालता उलटत नाही. ते उलटते चढताना. कुंपणाची भिंत, विशेषतः तिचा कोपरा, ही सर्वात धोक्याची जागा. दोन भिंतींच्या बेचक्यात पुढचे पाय रोवून ते उभे राहते, मागच्या पायांनी रेटते आणि तोल जाऊन मागे कोसळते. तारेच्या जाळीला नखे अडकत असल्याने ती तर चढाईला आमंत्रणच ठरते. पाण्याच्या भांड्याचा उंच काठ, लपण्याच्या खोक्याचे छप्पर, डळमळीत रचलेले दगड, दाराचा उंबरठा आणि दुसऱ्या कासवाची पाठ ही उलटण्याची आणखी नेहमीची ठिकाणे.

काचेची पेटी हे या बाबतीत चुकीचे घर ठरते. पलीकडचे दिसत असूनही तेथे जाता का येत नाही, हे कासवाला उमगत नाही. ते दिवसभर काचेवर पाय घासत राहते आणि उलटते. काचपेटीच वापरावी लागत असेल, तर तिच्या खालच्या भागाला बाहेरून जाड कागद लावून ती अपारदर्शक करावी. वरून उघडे, लाकडी भिंतींचे पसरट मेजासारखे घर त्यापेक्षा सरस.

घराची रचना

जमीन : गुळगुळीत फरशी व लाकडी तक्ते टाळावेत. त्यावर चालताना पाय घसरतात आणि उलटल्यावर पायाला पकड मिळत नाही. कवच भोवऱ्यासारखे जागच्या जागी गिरक्या घेत राहते. भूमध्य प्रदेशातील जातींसाठी माती व वाळूचे मिश्रण योग्य. त्यात पाय रुततो आणि उताण्या कासवाला रेटा देण्यासाठी आधार मिळतो. वर्तमानपत्राचा कागद स्वच्छतेला सोयीचा असला, तरी पकडीच्या दृष्टीने तो फरशीहून फारसा बरा नाही.

भिंती : त्या गुळगुळीत, उभ्या व अपारदर्शक असाव्यात. कासवाच्या लांबीच्या किमान दुप्पट उंची ठेवणे इष्ट. वरच्या कडेला आतल्या बाजूने फळीची पट्टी बसवल्यास चढून पलीकडे जाण्याची वाट बंद होते. कोपरे काटकोनी न ठेवता तिरकी फळी लावून बोथट करावेत किंवा तेथे दाट झुडपाची कुंडी जमिनीत पुरावी. एवढ्या साध्या बदलाने उलटण्याचे बरेच प्रसंग टळतात.

दगड व चढ : भीतीपोटी सारे घर सपाट व रिकामे करणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. चढ-उतारावर चालण्याने पायांचे स्नायू बळकट होतात आणि बळकट पायांचे कासवच स्वतः सरळ होऊ शकते. रिकाम्या सपाटीवर उलटल्यास पाय अडकवायला काहीही सापडत नाही. तेव्हा दगड जरूर असावेत, पण ते पसरट असावेत, निम्मे मातीत पुरलेले असावेत आणि हाताने दाबल्यावर डळमळू नयेत. चढ हलका असावा, उभी पायरी नसावी. जागोजागी गवताचे झुबके किंवा ठेंगणी झुडपे लावावीत. कासवाला त्यांत लपता येते आणि उलटल्यास तीच आधाराला येतात.

पाण्याचे भांडे : ते पसरट व उथळ असावे आणि त्याचा काठ जमिनीला समतल येईल असे मातीत पुरावे. पाणी कासवाच्या हनुवटीपेक्षा उंच नसावे. कुंडीखाली ठेवतात ती मातीची खरबरीत थाळी यासाठी उत्तम. प्लास्टिकच्या उभ्या काठाच्या भांड्यात कासव सहज शिरते, बाहेर पडताना मात्र उलटते.

तापदिवा : दिव्याखालच्या उबेच्या जागेचे तापमान साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअस ठेवले जाते. घराचे दुसरे टोक त्याहून बरेच थंड असावे लागते. या उबेच्या जागी चढण्याजोगे काहीही ठेवू नये. दगड तापून ऊब मिळावी असे वाटत असेल, तर पातळ सपाट फरशीचा तुकडा मातीला समतल बसवावा. दिवा घट्ट टांगलेला असावा आणि तापमान-नियंत्रकाला जोडलेला असावा. कासव नेमके दिव्याखाली उलटले, तरी तेथील उष्णता मर्यादेत राहावी हा यामागचा हेतू.

लपण्याचे खोके : त्याचे छप्पर एक तर चढता येणार नाही इतके उंच असावे किंवा माती टाकून त्याला सर्व बाजूंनी उतार द्यावा. अर्ध्या उंचीचे खोके सर्वात घातक, कारण त्यावर चढता येते आणि सुखरूप उतरता येत नाही.

अंगणात सोडताना याच गोष्टी मोठ्या प्रमाणावर पाहाव्यात. दिवसाच्या प्रत्येक प्रहरी कुठेतरी सावली असावी. सकाळची सावली दुपारी सरकते, हे लक्षात ठेवून जागा निवडावी. लहान कासवांच्या वाफ्यावर जाळीचे झाकण असावे. पाळीव कुत्रा कितीही गरीब असला, तरी त्याला कासवाजवळ एकटे सोडू नये. कुत्र्याला ते चावायचे खेळणे वाटते.

दोन नर आणि एक अंगण

कासवांच्या जगात उलटणे हा अपघात असतो, तसा डावपेचही असतो. अनेक जातींचे नर एकमेकांना धडका देतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या कवचाखाली पुढचे टोक घालून त्याला उलथवतात. सुलकाटा नरांच्या पोटकवचाचे टोक पुढे आलेले असते ते याचसाठी. मादागास्करमधील दुर्मीळ नांगर-कासवात हे टोक नांगराच्या फाळासारखे लांब वाढते आणि त्यावरूनच त्याला नाव मिळाले. रानात हरलेला नर सरळ होऊन निघून जातो. बंदिस्त अंगणात त्याला जायला जागा नसते आणि विजेता त्याला पुनःपुन्हा उलटवत राहतो. त्यामुळे दोन प्रौढ नर एकत्र ठेवू नयेत. एकमेकांना दिसणार नाहीत अशी मध्ये भक्कम भिंत असावी. विणीच्या काळात मादीच्या पाठीवर चढताना नर मागे पडतो, हेही नेहमी आढळते. जोडी एकत्र असेल तेव्हा लक्ष ठेवणे आवश्यक.

वारंवार उलटत असेल तर

निरोगी कासव क्वचित उलटते आणि उलटलेच तर बहुधा स्वतः सावरते. एखादे कासव आठवड्यातून अनेकदा उताणे सापडू लागले, तर दोष घराचा की कासवाचा हे तपासावे. कॅल्शियमची कमतरता व अतिनील किरणांचा अभाव यांमुळे हाडे मऊ पडतात, कवच वेडेवाकडे वाढते आणि पायांतील जोर ओसरतो. फार वाढलेली नखे, लठ्ठपणा, मूत्राशयातील खडा, सांध्यांची सूज ही इतर कारणे. थंडीने गारठलेले कासवही सरळ होऊ शकत नाही, कारण स्नायूंना ऊब हवी असते. अशा वेळी भिंती बदलून भागत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेला पशुवैद्य गाठावा लागतो.

कासव उलटू नये म्हणून त्याच्या कवचावर चेंडू, ठोकळे वा तत्सम काही चिकटवण्याची कल्पना कोणी सुचवल्यास ती साफ नाकारावी. कवच जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू आहेत आणि पट्ट्यांच्या सांध्यांतून त्याची वाढ होते. चिकटवलेली वस्तू ही वाढ रोखते. दोरी बांधण्यासाठी कवचाच्या कडेला भोक पाडण्याची रीत पूर्वी ब्रिटनमध्ये होती. ती हाडाला पाडलेली भोके होती, हे कळल्यावर ती क्रूर मानली जाऊ लागली.

उताणे सापडल्यास काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. दोन्ही हातांनी कवचाच्या दोन्ही बाजू धराव्यात आणि कासवाला कुशीवरून सावकाश वळवून सरळ करावे. डोक्यावरून शेपटीकडे कोलांटी देऊ नये. पाय वा मान धरून ओढू नये. पोटात अंडी असलेली मादी किंवा बराच वेळ पडलेले कासव असेल तर अधिकच हळुवारपणा हवा.

कासव उन्हात सापडले असेल तर ते सावलीत न्यावे आणि कोमट उथळ पाण्यात ठेवावे. पाणी हनुवटीच्या खालीच राहील याची काळजी घ्यावी. बर्फाचे किंवा एकदम गार पाणी वापरू नये. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडातून फेस येणे, पाय लुळे पडणे ही चिन्हे दिसल्यास लगेच पशुवैद्याकडे जावे.

पाण्यात उलटलेले कासव असेल तर मान हलकेच पुढे ताणून डोके खालच्या बाजूला धरावे, म्हणजे घशात गेलेले पाणी बाहेर येईल. नंतर ते हिंडू-फिरू लागले, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. फुफ्फुसात शिरलेल्या पाण्यामुळे पुढील काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो.

कासव निपचित दिसले म्हणून ते मेले असे लगेच समजू नये. त्याचे हृदय फार मंद गतीने चालू शकते आणि श्वासही दीर्घ अंतराने येऊ शकतो. मृत्यूचा निर्णय पशुवैद्यावर सोपवावा.

कासव सरळ होऊन चालू लागले, की काम संपले असे नाही. ते कुठे व कशावरून पडले हे त्याच क्षणी शोधावे, कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेथेच चढते. कासवाची चिकाटी गोष्टीपुरती नसते. सकाळी दिवा लावताना, दुपारी आणि संध्याकाळी अशी दिवसातून किमान तीनदा नजर टाकण्याची सवय घरातील एकाने नेमकेपणाने लावून घ्यावी. 'कोणीतरी पाहील' असे म्हणणाऱ्या घरात कोणीच पाहत नाही.

भारतात मात्र आधी कायदा

आपल्याकडे कासव घरात ठेवल्यास भरभराट होते, अशी समजूत आहे आणि तिच्यापायी स्टार कासवांची चोरटी विक्री चालते. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिण भारत, पाकिस्तान व श्रीलंका हे या कासवाचे मूळ घर. तेथून ती पिशव्यांत व सामानात कोंबून नेली जातात. विमानतळांवर अशी कासवे जप्त झाल्याच्या बातम्या वाचकांनी अनेकदा वाचल्या असतील.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार स्टार कासव बाळगणे, विकत घेणे वा विकणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याचा समावेश परिशिष्ट एकमध्ये झाला असून ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या परिशिष्टातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षांचा कारावास व किमान २५ हजार रुपयांचा दंड अशी तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवरही २०१९ मध्ये साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याची नोंद झाली आणि रानातून पकडलेल्या स्टार कासवांचा व्यापारी व्यवहार बंद झाला.

सुलकाटासारख्या परदेशी जातींनाही मोकळे रान नाही. साइट्सच्या यादीतील जिवंत परदेशी प्राणी ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी त्यांची नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ही नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर होते. दुकानदाराने दिलेली साधी पावती म्हणजे परवाना नव्हे.

घरात आधीपासून कासव असेल आणि त्याची जात ठाऊक नसेल, तर ते गुपचूप तळ्यात किंवा टेकडीवर सोडून देणे हा उपाय नव्हे. जमिनीवरचे कासव पाण्यात बुडते, परदेशी कासव स्थानिक जातींना उपद्रव देते आणि बंदिवासातील रोग रानात पोहोचतात. अशा वेळी वन विभागाशी संपर्क साधावा. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. रानवाटेवर किंवा शेताच्या बांधावर एखादे कासव उताणे दिसले, तर त्याला कुशीवरून सरळ करावे, रस्त्यावर असल्यास ते ज्या दिशेला चालले होते त्या बाजूला नेऊन ठेवावे आणि आपण पुढे निघावे. ते घरी आणण्याची गरज नाही.

कासवाचे आयुष्य दीर्घ असते. नीट सांभाळलेले हर्मान कासव पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते आणि आज मुलासाठी आणलेले पिल्लू त्याच्या नातवंडांच्या हातीही जाऊ शकते. इतक्या लांबच्या सोबतीचा शेवट एका उंच काठाच्या भांड्याने किंवा एका काटकोनी कोपऱ्याने होऊ नये. त्यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. मातीची एक थाळी, कोपऱ्यात एक तिरकी फळी आणि दिवसातून तीनदा टाकलेली नजर एवढ्यावर हे काम भागते. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना जगवते, असे आपले संत सांगत आले. कासव पाळणाऱ्यालाही तीच दृष्टी ठेवावी लागते.